परक्या घरचा ओटा

अर्जाच्या फाइलमध्ये मार्कशीट असते, लसीकरणाचा तक्ता असतो, डॉक्टरांचा दाखला आणि शिक्षकांची शिफारस असते. पण सगळ्यांत जास्त घाम काढतं ते एक पत्र. लिहिणारा पंधरा-सोळा वर्षांचा. ज्यांना लिहायचं त्यांचं नाव-गाव त्याला माहीत नाही. घरात माणसं किती, आजी आहे का, कुत्रा आहे का, काहीच ठाऊक नाही. मायना फक्त ‘प्रिय होस्ट फॅमिली’. आपल्याकडची मुलं या पत्राचा पहिला खर्डा वक्तृत्व स्पर्धेच्या थाटात लिहितात. दहावीचे टक्के, अबॅकसच्या लेव्हल, तबल्याच्या परीक्षा आणि शेवटी देशाचं नाव उज्ज्वल करण्याची इच्छा. संस्थेचे कार्यकर्ते तो परत पाठवतात. सकाळी तुला कोण उठवतं ते लिही, म्हणतात. जेवल्यावर ताट कोण उचलतं? चिडलास की दार आपटतोस की गप्प बसतोस? दुसरा खर्डा लिहिताना बऱ्याच मुलांना पहिल्यांदाच कळतं की आपण घरात काहीच करत नाही.

हायस्कूल एक्स्चेंज म्हणतात ते हे. कॉलेजसाठी परदेशी जाणं वेगळं. तिथं फी असते, वसतिगृह असतं, पुढं नोकरीचा हिशेब असतो. इथं मूल एका शैक्षणिक वर्षासाठी, साधारण दहा महिने, दुसऱ्या देशातल्या कुठल्याशा गावी जातं, तिथल्या साध्या शाळेत बसतं आणि एका अनोळखी कुटुंबात राहतं. गाव निवडता येत नाही, घरही नाही. न्यूयॉर्कची स्वप्नं बघितलेली मुलं नेब्रास्कात मक्याच्या शेतांमधल्या, दोन सिग्नल असलेल्या गावी जाऊन पोचतात.

महाराष्ट्रातल्या आईबापांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. त्या लोकांना काय मिळतं? उत्तर ऐकून चेहऱ्यावर संशय उमटतो, कारण उत्तर आहे, काही नाही. अमेरिकेत जे-१ व्हिसावर येणाऱ्या शाळकरी मुलांच्या यजमान कुटुंबाला त्याबद्दल मोबदला देता येत नाही, असा सरकारी नियमच आहे. मिळते ती करपात्र उत्पन्नातून महिन्याला जास्तीत जास्त ५० डॉलरची वजावट, तीही मुलाच्या शाळेच्या महिन्यांपुरती. तेवढ्यात सोळा वर्षांच्या पोराचं दूधसुद्धा भागत नाही. रोटरीच्या यूथ एक्स्चेंजमध्येही हाच रिवाज. यजमान घर फुकट, वर स्थानिक क्लब मुलाला महिन्याचा हातखर्च देतो. विमानाचं तिकीट, विमा आणि व्हिसा तेवढा आईबापांकडे.

फुकट आहे म्हणून ढिसाळ मात्र नाही. निदान आता नाही. २००९ साली पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रॅन्टनमध्ये काही एक्स्चेंज विद्यार्थी राहण्यालायक नसलेल्या घरांत ठेवलेले सापडले. अस्वच्छता, अपुरं खाणं, आणि ज्यांनी लक्ष ठेवायचं त्यांचंच दुर्लक्ष. गवगवा झाला, आणि पुढच्या वर्षी अमेरिकी परराष्ट्र खात्यानं नियम कडक केले. तेव्हापासून यजमान घराचे फोटो काढून फाइलला लावावे लागतात. घर बाहेरून, स्वयंपाकघर, मुलाची खोली, बाथरूम, बैठक. घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाची गुन्हेगारी नोंद तपासली जाते. मुलाला स्वतंत्र पलंग हवा. संस्थेचा स्थानिक प्रतिनिधी १२० मैलांच्या आत राहणारा हवा आणि त्यानं दर महिन्याला मुलाशी बोललं पाहिजे. कुटुंब मुलाचं नातेवाईक असून चालत नाही. न्यू जर्सीतल्या मावशीकडे ठेवता येईल का, असं विचारणाऱ्यांची गाडी इथंच अडते.

या सगळ्याची सुरुवात अँब्युलन्सपासून झाली. पहिल्या महायुद्धात, अमेरिका अजून युद्धात उतरलेली नव्हती तेव्हा, काही अमेरिकी तरुण फ्रान्समध्ये जखमी सैनिक वाहून नेण्याचं काम स्वेच्छेनं करत होते. ए. पायट अँड्र्यू या अर्थशास्त्रज्ञानं त्यांची नीट संघटना बांधली, ती अमेरिकन फील्ड सर्व्हिस, म्हणजेच एएफएस. दुसऱ्या महायुद्धात स्टीफन गॅलाटी यांनी ती पुन्हा उभी केली. उत्तर आफ्रिका, इटली, एवढंच काय, भारत-ब्रह्मदेश सीमेवरही तिचे चालक होते. युद्ध संपल्यावर या चालकांपुढे प्रश्न उरला की आता करायचं काय. प्रेतं आणि जखमी वाहून त्यांच्या मनानं घेतलं होतं की पुढच्या वेळी माणसं आधीच, धडधाकट असताना एकमेकांकडे पोचवावीत. १९४७ साली दहा देशांतली ५२ मुलं अमेरिकी घरांत राहायला आली. १९५१ साली मिशिगनमध्ये रेचल अँड्रेसन यांच्या पुढाकारानं ७५ जर्मन मुलं आली. त्यातून यूथ फॉर अंडरस्टँडिंग ही संस्था निघाली. हिटलरला मरून तेव्हा सहा वर्षं झाली होती. जर्मन पोराला आपल्या जेवणाच्या टेबलावर बसवणं त्या वेळच्या अमेरिकी गृहिणीला किती जड गेलं असेल, याचा अंदाज करून पाहावा.

पुढंही हाच क्रम दिसतो. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९२ साली तिथल्या मुलांसाठी फ्लेक्स ही योजना निघाली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, २००२ साली, सिनेटर टेड केनेडी आणि रिचर्ड लूगर यांच्या पुढाकारानं ‘येस’ शिष्यवृत्ती आली, मोठी मुस्लिम वस्ती असलेल्या देशांतल्या मुलांसाठी. भारतातूनही मुलं तिच्यावर जातात आणि त्यांचा सगळा खर्च अमेरिकी सरकार करतं. मोठी माणसं आधी भांडून घेतात आणि मग समजूत काढायला मुलांना पाठवतात, असं म्हणायचा मोह होतो. पण सरकारांचा हेतू काहीही असो, नेब्रास्कातल्या ज्या बाईनं पलंगावर स्वच्छ चादर घातली तिला परराष्ट्र धोरणाशी देणंघेणं नसतं. तिचा धाकटा कॉलेजला गेलेला असतो आणि खोली रिकामी असते.

आपल्याकडून जाणाऱ्या मुलांचं वेळापत्रक मोठं गमतीचं. दहावीची परीक्षा मार्चमध्ये आणि प्रस्थान ऑगस्टमध्ये. म्हणजे बहुतेक वेळा ऐन श्रावणात. ‘मी नॉनव्हेज खातो’ असं अर्जात खरं लिहिलेला एक मुलगा विमानातून उतरला तो श्रावण पाळत. यजमानीणबाईंनी हौसेनं चिकन केलेलं. महिनाभरानं श्रावण संपला तर गुरुवार आणि संकष्टी आडवी आली. बुधवारी कोंबडी खाणारा मुलगा गुरुवारी तिच्याकडे बघतही नाही, हे समजून घ्यायला त्या बाईंनी अखेर फ्रिजवर कॅलेंडर लावलं. चतुर्थी कधी येते हे मात्र त्याला स्वतःलाच सांगता येईना. आईला फोन करावा लागे.

पण मुलांची खरी दांडी उडते ती आग्रहाच्या अभावानं. आपलं मूल पहिल्यांदा ‘नको’ म्हणतं ते सवयीनं. दुसऱ्यांदा विचारलं की ‘थोडंसं’, तिसऱ्यांदा पान पुढं. तिकडे दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. नको म्हणालास ना, मग नको. भांडं टेबलावरून उठतं. संध्याकाळी सहाला जेवणं आटोपतात आणि रात्री दहाला पोटात कावळे ओरडत असताना फ्रिज उघडावा की नाही यावर मूल अंधारात विचार करत बसतं. यजमानांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं, घर तुझंच आहे, हवं ते घे. पण आपल्याकडे पाहुण्याला असं सांगतात आणि पाहुण्यानं ते मनावर घ्यायचं नसतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. या एका गोष्टीपायी मुलं पहिल्या महिन्यात वजन घालवतात, आणि इकडे आई म्हणते, बघा, पोटभर घालत नाहीत पोराला.

आणि कामं. फ्रिजवर यादी लावलेली असते. सोमवारी डिशवॉशर रिकामा करणं, बुधवारी कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला नेणं, शनिवारी स्वतःचे कपडे धुणं. यादीत यजमानांच्या मुलांच्या नावांखाली आपलं नाव. अनेक मुलांना ही पहिली थप्पड वाटते. इतक्या लांब येऊन मी कचरा काढायचा? घरी कामाच्या मावशी असतात. पुण्यात-नाशकात मोठी झालेली, रोटरीच्या वर्तुळातली ही मुलं. त्यांनी झाडू हातात घेतलेला असतो तो स्वच्छता अभियानाच्या फोटोपुरता. परत आलेल्यांशी बोलताना मला दिसलं ते असं की देश, बर्फ, शाळेतला प्रॉम, पिवळी बस यांच्याबद्दल ती दोन मिनिटं बोलतात आणि त्या यादीबद्दल अर्धा तास. बाथरूममध्ये किती मिनिटं राहायचं. ओला टॉवेल कुठं टाकायचा. यजमान बाप स्वतः भांडी घासतो हे बघून काय वाटलं. रागावल्यावर तिथली माणसं आवाज चढवत नाहीत, टेबलाशी बसवून शांतपणे बोलतात, आणि ते ओरडण्यापेक्षा कितीतरी वाईट लागतं.

फोनबद्दल माझं मत कडक आहे. पूर्वी पत्राला आठवडे लागत, ट्रंक कॉल परवडत नसे, त्यामुळे मूल नाइलाजानं त्या घरात मिसळायचं. आता सांगलीतल्या आईला पोरानं दुपारी काय खाल्लं ते फोटोसकट कळतं. तिकडे संध्याकाळी सगळे टेबलाशी बसलेले असताना याच्या कानात मराठी चालू. संस्था सांगून थकल्या की आठवड्यातून एकदाच बोला. ऐकणारे पालक थोडे. दिवाळीला तर कुणीच ऐकत नाही. लक्ष्मीपूजनाचा व्हिडिओ कॉल संपला की पोरगं खोलीत रडतं आणि यजमान दाराबाहेर गोंधळून उभे राहतात. तेच नोव्हेंबर-डिसेंबरचे दिवस सगळ्यांत वाईट. चारलाच अंधार पडायला लागतो, नवलाई संपलेली असते आणि परतीची तारीख अजून दूर. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे दिवाळी नुकतीच होऊन गेल्यावर. त्या दिवशी यजमानांचे काका-मामा जमतात आणि भारतातल्या मुलाला पहिल्यांदा कळतं की या लोकांनाही नातेवाइकांचा कंटाळा येतो. बऱ्याच जणांची गाडी तिथून रुळावर येते.

सगळ्यांची येत नाही. घर बदलावं लागतं. रोटरीत साधारण तीन घरं आधीच ठरवलेली असतात, कारण एकाच कुटुंबावर वर्षाचा भार नको आणि मुलालाही एकाच घराला त्या देशाचा नमुना समजायची सवय लागू नये. इतर योजनांत बदल होतो तो न पटल्यामुळे. त्याला कुणी गुन्हा मानत नाही, पण इकडे घरी सांगताना मूल गुन्हा केल्यासारखं सांगतं. रोटरीचे चार ‘डी’ तर प्रसिद्धच आहेत. ड्रिंकिंग, ड्रायव्हिंग, ड्रग्ज, डेटिंग. पहिले तीन मोडले की परतीचं विमान. चौथ्याकडे सगळे आपापल्या अनुभवानुसार बघतात.

आणि मुलं दगावलीही आहेत. जपानमधल्या नागोया शहरातला योशिहिरो हात्तोरी हा सोळा वर्षांचा मुलगा एएफएसतर्फे लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये आला होता. १७ ऑक्टोबर १९९२ च्या रात्री तो यजमानांच्या मुलाबरोबर हॅलोवीनच्या पार्टीला निघाला आणि दोघे चुकून भलत्याच घराच्या दाराशी गेले. घरमालकानं बंदूक रोखून थांबायला सांगितलं. योशी हसत पुढं गेला. घरमालकानं गोळी झाडली. फौजदारी खटल्यात तो निर्दोष सुटला. योशीच्या आईवडिलांनी जपानमध्ये सतरा लाखांच्या आसपास सह्या गोळा केल्या, अमेरिकेतल्या घरांतून बंदुका जाव्यात यासाठी, आणि १९९३ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची भेट घेतली. त्या मोहिमेत योशीचं यजमान कुटुंब त्यांच्या खांद्याला खांदा लावून होतं. मुलाच्या नावानं आईवडिलांनी निधी काढला तोही याचसाठी, की अमेरिकी विद्यार्थ्यानं जपानमध्ये येऊन वर्षभर राहावं. कराचीची सबिका शेख ‘येस’ शिष्यवृत्तीवर टेक्सासमधल्या सँटा फे गावी होती. १८ मे २०१८ रोजी शाळेतल्या गोळीबारात ती गेली. रमजान सुरू होता, आणि काही आठवड्यांत ती घरी परतणार होती. ही नावं माहितीपत्रकांत नसतात. तिथं क्रिस्तीन लगार्द असतात. आज युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्ष असलेल्या लगार्द १९७३-७४ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डात एएफएसच्या विद्यार्थिनी होत्या. पालकांनी दोन्ही बाजू वाचून सही करावी.

परक्याच्या पोराला घरात घेऊन शिकवणं आपल्याला अगदीच नवं नाही, असं सांगणारे भेटतात. पुण्यात वार लावून जेवायची रीत होती. गरीब विद्यार्थ्याला सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं. त्यावर कितीतरी माणसं शिकली. पण वार लावताना आधी जात विचारली जाई. पान कुणाच्या पंक्तीला मांडायचं हे त्यावर ठरे. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृहाचा प्रयत्न केला होता, तर त्यात एकाच जातीचा भरणा झाला. मग त्यांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची स्वतंत्र बोर्डिंगं काढून दिली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. राजालासुद्धा जी गोष्ट वळसा घालून करावी लागली ती म्हणजे स्वयंपाकघर.

साताऱ्यात ती उघडपणे घडली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र रांधत आणि एका पंक्तीत जेवत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळं-ओवळं पाळणाऱ्या जैन घरातल्या. या पोरांचं करताना त्यांनी आधी ते मोडलं आणि पुढं त्यांच्या जेवणासाठी मंगळसूत्रापर्यंतचे दागिने मोडले. जगातल्या यजमान आयांची कुणी यादी केली तर साताऱ्याचं हे नाव फार वर असायला हवं. पुढं साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर उघडावं म्हणून उपोषण केलं आणि शेवटच्या काळात आंतरभारतीचं स्वप्न मांडलं, की एका प्रांतातल्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा आणि माणसं जवळून जाणावीत. गुरुजी १९५० साली गेले. त्या कल्पनेतून शिबिरं निघाली. गांधीवादी कार्यकर्ते एस. एन. सुब्बराव यांच्या बालमहोत्सवांत परप्रांतातली मुलं गावातल्या घरांत चार दिवस मुक्कामाला जात. पण वर्षभर? ते फक्त नवोदय विद्यालयांनी केलं. नववीतली सुमारे तीस टक्के मुलं हिंदी मुलखातून इतर भाषांच्या राज्यात आणि तिकडची इकडे, एक वर्षासाठी. उत्तम योजना, आणि तिचं कौतुक आपल्याकडे फार कमी झालं. तरी तिथंही मूल वसतिगृहातून वसतिगृहात जातं. बिहारचा मुलगा मराठी शिकून जातो, मराठी घर आतून न बघता.

म्हणून मला आपल्याकडे येणाऱ्या मुलांत जास्त रस वाटतो. रोटरीत देवाणघेवाण असते. तुमचं मूल गेलं की त्यांचं एक येतं. ब्राझील, मेक्सिको, फ्रान्स, तैवान. पुण्या-नाशकात, कोल्हापुरात अशी मुलं निळ्या ब्लेझरवर पंचवीस-तीस देशांच्या पिना लावून हिंडताना दिसतात. आल्याच्या चोवीस तासांत यजमानांनी परदेशी पाहुण्याची नोंद करायची असते, पुढं परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाचे सोपस्कार. पोलिसांपर्यंत सगळं सुरळीत होतं. गाडी अडते ती घरात, कारण पाहुण्याचं काय करायचं हे आपल्याला फार चांगलं येतं आणि त्यापलीकडे काही येत नाही. मुलीला एसीची खोली देतात, पाणी बाटलीचं, ताटात तूप. एकटीनं कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊ देत नाहीत. स्वयंपाकघरात आली की ‘तू बस बेटा’. गणपतीत नऊवारी नेसवून फोटो काढतात, आणि वर्षभरात तिच्यावर एकदाही रागावत नाहीत.

सांगलीतल्या एका घरी आलेल्या ब्राझीलच्या मुलीनं दोन महिन्यांनी क्लबच्या काउन्सेलरकडे तक्रार केली की या घरात मी कुणाला आवडत नाही. काउन्सेलर चक्रावले. यजमान काकूंनी तर मुलीसाठी चपात्या मऊ होतात की नाही यावर रात्री जागवलेल्या. पुरावा काय, विचारल्यावर मुलगी म्हणाली, मला कुणी काम सांगत नाही. काकूंना ते ऐकून आधी राग आला आणि मग पेच पडला. घरी स्वतःच्या मुलीला त्या काम सांगत नव्हत्या, तर हिला काय सांगणार? दुसऱ्या वर्षी फ्रान्सची मुलगी आली तेव्हा त्यांनी पहिल्याच आठवड्यात पेपर पसरला आणि दोघींना लसूण सोलायला बसवलं. फ्रान्सची मुलगी गाणं म्हणत सोलत राहिली. घरची मुलगी फुरंगटून उठली, पुन्हा येऊन बसली.

यंदा तैवानचा मुलगा येणार आहे. फ्रिजवर यादी लागली आहे आणि त्याच्या नावासमोर रात्री ओटा पुसणं आणि रविवारी दळण आणणं आहे. काकूंच्या सासूबाईंचं म्हणणं, ओट्यावर परका हात नको. त्यावर अजून घरात बोलणी चालू आहेत. दळणाला मात्र कुणाची हरकत नाही. गिरणीवाल्याला तेवढं आधी सांगून ठेवा, की हा पोरगा गव्हाच्या पिठात ज्वारी मिसळली तरी ओळखणार नाही, असं काकूंचे यजमान म्हणत होते.